डावा हात राखून ठेवा

श्रोतेहो, किडनी काय काम करते ते तुम्ही शाळेत शिकलात, आणि डायलिसिस म्हणजे काय हे आता वऱ्हाडात कुणाला सांगत बसावं लागत नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर तो पारावरचा विषय आहे. आपलं चांदूर रेल्वे त्या पट्ट्याबाहेर, म्हणून आपली माणसं जरा निर्धास्त असतात. पण बीपी आणि साखर काही पूर्णेच्या काठावर थांबत नाहीत, आणि किडन्या निकामी व्हायची सगळ्यांत मोठी कारणं ही दोनच.

आज मला बोलायचंय ते हाताबद्दल. डाव्या हाताबद्दल. डावखुरे असाल तर उजव्या.

डायलिसिसचं मशीन मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त ओढतं. चार तासांचा हिशोब करा, साठ-सत्तर लिटरच्या आसपास जातो. म्हणजे अंगातलं पाच लिटर रक्त बारा-चौदा वेळा मशीनमधून फिरून येतं, आणि हे आठवड्यातून बहुधा तीनदा. आपण सलाईन लावतो त्या शिरेला एवढा ओढा झेपत नाही. म्हणून मनगटापाशी किंवा कोपरापाशी छोटं ऑपरेशन करून धमनी शिरेला जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात.

तुम्ही ओलित करणारी माणसं आहात, तुम्हाला हे चटकन कळेल. विहिरीवर मोटर बसवली आणि दांड अजून कच्चाच आहे. बटन दाबलं तर काय होईल? बांध फुटेल, पाणी भलतीकडेच जाईल. दांड आधी काढावा लागतो, त्यात थोडं थोडं पाणी सोडून काठ बसू द्यावे लागतात. शिरेचंही तसंच. धमनीचं जोराचं रक्त आत आलं की शीर हळूहळू रुंद होते, तिची भिंत जाड होते. त्याला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. आणि ज्या दांडात ठिकठिकाणी आधीच खड्डे पाडून ठेवलेत, त्यातून पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेल का? सुया टोचून टोचून शिरा आखडलेल्या हाताची अवस्था तीच होते.

तेव्हा किडनीचा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, की त्या दिवसापासून तो हात राखून ठेवा. रक्त तपासायला दुसरा हात द्या, सलाईन दुसऱ्या हाताला लावून घ्या. नर्सताईंना आपणहून सांगा, त्या रागावत नाहीत. आणि किडनीचं काम पंधरा-वीस टक्क्यांवर आलं, की फिस्टुलाचं विचारा.

इथंच आपली माणसं अडतात. "आत्ताच कायले? मशीन लागली का मंग सुटत नाही म्हन्ते." अहो, फिस्टुला केला म्हणून मशीन लागत नाही! किडनी थकली म्हणून लागते. फिस्टुला नुसता तयार राहतो. तो टाळत राहिलात, तर मग एका रात्री दम लागतो, अंग सुजतं, आणि धावपळ करत अमरावती गाठावी लागते. तिथं मानेत नळी घालण्यावाचून इलाज उरत नाही. नळीनं जीव वाचतो, हे खरंच. पण त्याच नळीवाटे जंतू रक्तात शिरतात, थंडी वाजून ताप भरतो, आणि पेशंट डायलिसिसनं नाही तर त्या तापानं खचतो. हे टाळता येतं, म्हणून जीव तुटतो.

नेदरलँड्समध्ये डॉ. कोल्फ यांनी 1943 सालीच डायलिसिसचं मशीन चालवलं होतं. तरीही पुढची सतरा वर्षं कायमचा आजार असलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता, कारण दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची. 1960 साली सिअ‍ॅटलच्या डॉ. स्क्रिब्नर यांनी हातात नळीची कायमची वाट केली, 1966 मध्ये न्यूयॉर्कहून फिस्टुला आला, आणि माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. अडचण रक्तापर्यंत पोचायच्या वाटेची होती. म्हणून पुन्हा सांगतो, हात जपा.

बायांना वेगळं सांगायचंय. फिस्टुलाच्या हातात बांगड्या नकोत. ऑपरेशन झालेल्या एका सुनेच्या हातात घरच्यांनी सणाला पुन्हा डझनभर हिरव्या बांगड्या चढवलेल्या मी पाहिल्या, अगदी घट्ट, टाक्यांच्या वरच. सासूबाई, उजव्या हातात भरा ना हव्या तेवढ्या! डावा मोकळा राहू द्या. घड्याळ नको, बीपीचा पट्टा नको, पाण्याची गुंडी त्या हातानं उचलायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही.

प्रत्यारोपणावरही बोलायचं होतं. ती सोय आता अमरावतीच्या सुपर स्पेशालिटीत आहे, आणि महात्मा फुले योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही बसतं. घरातलं कोण किडनी देऊ शकतं याचा 1994 चा कायदा आहे, त्यात आईवडील, भावंडं, नवरा-बायको... पण काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय, ते पुढच्या वेळी.

एकच राहिलं. ज्यांचा फिस्टुला झालाय त्यांनी रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटं त्यावर ठेवावीत. मांजर गुरगुरताना लागते तशी बारीक थरथर लागली पाहिजे. लागली नाही, तर आत गुठळी धरली असेल. डायलिसिसच्या वारापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीनं निघा. लवकर पोचलात तर गुठळी काढून तोच फिस्टुला पुष्कळदा वाचवता येतो.