न्यायमूर्तींची आचारसंहिता: 1997 च्या पुढे कधी जाणार?

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. पण ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर किंवा कल्याण कोर्टात ज्यांनी एका तारखेसाठी अख्खा दिवस घालवलाय, त्यांना तो लगेच कळेल. आपला निकाल देणाऱ्या माणसाने कसं वागावं, हे कोण ठरवतं? आणि तसं तो वागला नाही तर काय होतं?

ठाणे-कल्याणला बसणाऱ्या न्यायाधीशांसाठी याचं उत्तर सरळ आहे. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू होतात. भेटवस्तू, घर-जमिनीचे व्यवहार, शेअर्सचा सट्टा, सगळ्याला नियम आहे. मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 नुसार त्यांच्यावर उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. नियम मोडला तर चौकशी होते, नोकरीही जाऊ शकते.

आता आपलं अपील मुंबई उच्च न्यायालयात गेलं असं समजा. तिथल्या न्यायमूर्तींना हटवण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे संसदेतला ठराव, तोही दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने. 1993 मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा ठराव लोकसभेत आला. बाजूने 196 मतं पडली, विरोधात एकही नाही, आणि 205 सदस्य तटस्थ राहिले. ठराव पडला.

म्हणजे एका टोकाला संसद आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. मधली ही पोकळी मुंबईच्याच एका प्रकरणाने उघडी पाडली. 1995 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचारजी यांच्या पुस्तकासाठी परदेशी प्रकाशकाकडून मिळालेल्या मोठ्या मानधनावरून वाद झाला. बॉम्बे बार असोसिएशनने ठराव केला, त्यांनी राजीनामा दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, वकिलांनी ठराव करून न्यायमूर्तींवर दबाव आणू नये, तक्रार मुख्य न्यायमूर्तींकडे न्यावी. पण हेही मान्य केलं, की पदावरून काढण्याइतकं गंभीर नसलेलं, तरीही पदाला न शोभणारं वर्तन असू शकतं. त्यासाठी न्यायव्यवस्थेनेच आतली पद्धत तयार करावी.

त्यानंतर दोन वर्षांनी, 7 मे 1997 ला, सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक जीवनमूल्यांची 16 कलमं स्वीकारली. कलमं वाचली तर चांगली आहेत हो! वकिलांशी जास्त सलगी नको. घरातला वकील आपल्यासमोर उभा राहू नये. नातेवाईक-मित्रांचं प्रकरण ऐकू नये. शेअर्सचा सट्टा नको. राजकीय मतं जाहीर करू नयेत. 1999 मध्ये तक्रारींसाठी अंतर्गत चौकशीची पद्धतही आली.

मग अडचण काय? पहिली, हा कायदा नाही, न्यायमूर्तींनी स्वतःसाठी केलेला ठराव आहे. 2010 चं न्यायिक मानके आणि उत्तरदायित्व विधेयक लोकसभेने 2012 मध्ये मंजूर केलं, राज्यसभेत ते पुढे सरकलं नाही आणि 2014 मध्ये बारगळलं.

दुसरी, मजकूर त्या काळातला आहे. आमच्या धंद्यात इतकी वर्षं कोणी हात न लावलेला कोड दिसला, तर आधी विचारतात की हे अजून चालतंय की नुसतं पडून आहे? 1997 मध्ये फेसबुक नव्हतं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाला तोंडी सांगावं लागलं, की न्यायाधीशांनी फेसबुकपासून लांब राहावं, संन्याशासारखं जगावं आणि घोड्यासारखं काम करावं. सल्ला ठीक आहे, पण तो कलमात कुठे आहे?

तिसरी सगळ्यात मोठी. निवृत्तीनंतर सरकारकडून पद घ्यावं की नाही, यावर 16 कलमं गप्प आहेत. सरकार तर देशातला सगळ्यात मोठा पक्षकार! आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना म्हणाले होते, की निवृत्तीनंतर आपण सरकारी पद घेणार नाही. त्यांचं कौतुकच आहे. पण एका माणसाचा निर्धार त्याच्यापुरता असतो. पुढच्याला तो बांधत नाही.

बदल अशक्य आहे असंही नाही. मार्च 2025 मध्ये दिल्लीत एका न्यायमूर्तींच्या निवासस्थानी जळालेल्या नोटा सापडल्याचं प्रकरण गाजलं. 1 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता जाहीर करायचं ठरवलं. 5 मेला 33 पैकी 21 न्यायमूर्तींची विवरणं वेबसाइटवर आली. इच्छा असेल तर पाच आठवडे पुरतात!

न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य सरकारच्या हातात जाऊ नये, ही भीती मला शंभर टक्के पटते. म्हणून बदल न्यायालयानेच करावा. पण तो लोकांसमोर करावा. मसुदा जाहीर करा, वकिलांच्या आणि पक्षकारांच्या सूचना मागवा, दर पाच वर्षांनी फेरविचार करा. निवृत्तीनंतर किती काळ पद घ्यायचं नाही ते लिहा. किती तक्रारी आल्या, कितींची चौकशी झाली, एवढा आकडा तरी दरवर्षी द्या. नावं नकोत.

कल्याणच्या न्यायाधीशाला जो हिशोब द्यावा लागतो, तो त्याचा निकाल फिरवू शकणाऱ्या न्यायमूर्तींनाही द्यावा लागला, तर त्यात कोणाचा अपमान आहे? तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. विशेषतः कोर्टात रोज उभे राहणारे वकील ऐकत असतील तर. भेटू पुढच्या भागात.