पाठ एकाचा, तयारी सर्वांची



शाळेची इमारत दानशूरांच्या देणगीतून उभी राहते. शाळा मात्र शिक्षकांच्या एकदिलाने चालते. म्हणून शिक्षकांनी एकत्र बसून पाठांचे नियोजन करावे, असे ठरले असता एखाद्या सहकाऱ्याने त्यास नकार दिला, तर मुख्याध्यापकाने काय करावे, हा प्रश्न विचारात घेणे उचित ठरेल.

रामवाडीच्या परिसरात, पेण-रोह्याच्या वाड्यावस्त्यांवर, अनेक प्राथमिक शाळा लहान आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. तेथे एकाने सहकार्य नाकारले की निम्मी शाळाच वेगळी पडते. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलाचे काय शिकायचे राहिले, हे केवळ एका शिक्षकाच्या मनात असेल, तर त्याच्या बदलीबरोबर ती माहितीही निघून जाते.

साधी हातच्याची वजाबाकी घ्यावी. एक शिक्षक ‘शेजाऱ्याकडून उसने घ्या’ असे सांगतात. दुसरे दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या करून दाखवितात. दोन्ही रीती चालतात. परंतु वर्ग बदलताच भाषा बदलली, तर मुलाला वाटते की गणितच बदलले. उत्तर चुकते आणि ठपका मात्र मुलाच्या बुद्धीवर येतो.

नकार देणाऱ्या शिक्षकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. वीस-पंचवीस वर्षे ज्याने स्वतःचे टाचण स्वतः काढले, त्यास सामुदायिक नियोजन हा आपल्या अनुभवावरील अविश्वास वाटू शकतो. कोणास आपली उणीव उघडी पडण्याची धास्ती असते. कोणी माहितीचे तक्ते, पोषण आहाराच्या नोंदी व निवडणुकीची कामे यांनी आधीच थकलेला असतो. त्याला ही आणखी एक वही वाटते. ही कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून उपायही एक असू शकत नाही. मुख्याध्यापकाने प्रथम त्या सहकाऱ्याशी एकांतात बोलावे आणि कारण शोधावे. भर सभेत विचारलेला जाब माणसाला अधिकच हट्टी बनवितो.

दुसरी गोष्ट म्हणजे मुख्याध्यापकाने आपले स्वतःचे टाचण सर्वांपुढे प्रथम ठेवावे व त्यातील उणिवा काढू द्याव्यात. जपानमधील शाळांत शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो शिकवितो व इतर निरीक्षण करतात. नंतरच्या चर्चेत तपासला जातो तो सर्वांनी बांधलेला पाठ. शिकविणाऱ्याची परीक्षा घेतली जात नाही. हा भेद पाळला की भीती पुष्कळ कमी होते.

तिसरे, आरंभ एकाच घटकापासून करावा. घटकाचे उद्दिष्ट, लागणारा कालावधी आणि शेवटची चाचणी, एवढ्या तीनच गोष्टी समान असाव्यात. शिकविण्याची रीत, गोष्ट, उदाहरण हे ज्याचे त्याच्यावर सोपवावे. काम वाटून घेतल्यास प्रत्येकाचे लेखन कमी होते, हे प्रत्यक्ष दिसले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याच्या 45 तासांत पाठाची पूर्वतयारी धरलेली आहे. म्हणून त्यासाठी वेळापत्रकातच वेळ द्यावा, शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ नये.

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत हेच घडते. साच्यातून मूर्ती काढणारे, घासकाम करणारे, रंग देणारे हात वेगळे. परंतु डोळ्यांची आखणी अनुभवी कारागीर स्वतःच्या हाताने करतो. साचा समान असल्याने त्याच्या कलेला उणेपणा येत नाही. अनुभवी शिक्षकाला ही आखणी सोपवावी. त्याच्या जुन्या टाचणांतील उत्तम भाग समान नियोजनात त्याच्या नावानिशी घ्यावा. ज्याला मान मिळतो, तो सहसा दूर राहत नाही.

एवढे करूनही कोणी दूर राहिलाच, तर मुख्याध्यापकाने संकोच करू नये. नेमून दिलेला अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणे हे शिक्षकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. तेव्हा समान चाचणी व शिल्लक राहिलेल्या भागाची लेखी नोंद, एवढा किमान आग्रह शांतपणे पण ठामपणे धरावा. सहकाऱ्याचे मन सांभाळताना मुलाचे वर्ष वाया जाऊ देणे हा सौजन्याचा अतिरेक होय.

विद्यार्थी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात निर्भयपणे पाऊल टाकील, असा मेळ प्रत्येक शाळेतील शिक्षकांत नांदो, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.