रात्रीची झोप हाही उपचारच
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



अहवालातील आकडे आपणासमोर आहेतच. खाटा, शस्त्रक्रिया, औषधे यांचा हिशेब त्यात आहे. रुग्णांना रात्री झोप किती लाभली याचा रकाना मात्र नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित. तथापि आमच्या डॉक्टरांकडून जे ऐकले व वाचनातून जे उमगले, ते मांडण्याची अनुज्ञा असावी.

निद्रा म्हणजे मेंदूचे कामकाज बंद ठेवण्याची वेळ, असा आपला समज असतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, परंतु विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो. आणि झोपेतही हा खर्च थांबत नाही. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतील एका टप्प्याची नोंद प्रसिद्ध केली. मिटलेल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलत असतात आणि मेंदूचा विद्युत-आलेख बराचसा जागेपणासारखा दिसतो. ठसठशीत स्वप्ने बहुधा याच वेळी पडतात. गाढ झोप आणि ही स्वप्नांची झोप यांचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे. पूर्वरात्री गाढ झोपेचा भाग मोठा असतो. वाढीचे संप्रेरक तेव्हाच भरपूर स्रवते. दिवसभरातील अनुभवांपैकी काही स्मृतीत पक्के होतात तेही झोपेतच. रोजकीर्दीतील नोंदी खतावणीत चढवाव्यात, तसे हे काम आहे. कारकुनाला दर तासाला उठवले तर खतावणी कशी पूर्ण व्हावी?

झोपेत मेंदूतील टाकाऊ द्रव्ये अधिक वेगाने वाहून जातात, असे २०१३ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे उंदरांवरील प्रयोगांत आढळले. २०२४ साली लंडनमध्ये उंदरांवरच झालेल्या प्रयोगांचा निष्कर्ष मात्र नेमका उलट निघाला. विज्ञानातही लेखापरीक्षण चालूच असते, याचे मला समाधान वाटते.

रुग्णालयापुरते जे महत्त्वाचे, ते याहून जवळचे आहे. दाखल झालेले वयोवृद्ध आजोबा एखाद्या रात्री अचानक असंबद्ध बोलू लागतात, सलाईनची नळी ओढतात, पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. घरची माणसे घाबरून जातात. या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. ते वेड नव्हे. मूळ कारणावर इलाज झाल्यास ते पुष्कळदा ओसरते, परंतु दुर्लक्ष करण्याजोगे खचितच नाही. संसर्ग, औषधे, शरीरातील पाणी कमी होणे अशी त्याची कारणे अनेक. झोपमोड हे त्यांपैकी एक.

१९९९ साली येल येथील डॉ. शॅरन इनूये व सहकाऱ्यांनी सत्तरी गाठलेल्या वा ओलांडलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. विशेष काळजी घेतलेल्या गटात हे प्रमाण ९.९ टक्के होते. त्या काळजीत रुग्णाला चालते ठेवणे, चष्मा व श्रवणयंत्र जवळ देणे, पुरेसे पाणी पाजणे हे होते, आणि झोपेची व्यवस्थाही होती. निजताना कोमट दूध वा तत्सम पेय, पाठीला हलके मालिश, मंद संगीत आणि शांतता. श्रेय एकट्या झोपेचे नव्हे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण यात महागडे यंत्र एकही नाही!

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वॉर्डातील रात्रीचा सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. म्हणजे जवळपास कुजबुजीइतका. ट्रॉलीचे एक कुरकुरणारे चाकही ही मर्यादा सहज मोडते.

म्हणून आगामी वर्षाच्या अंदाजपत्रकात ट्रॉल्यांना रबरी चाके, खाटेपाशी मंद दिवे आणि रात्रपाळीसाठी एक वाढीव परिचारिका यांची तरतूद सुचवीत आहे. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला रक्तदाबासाठी पहाटे उठवावे की नाही, हे डॉक्टरांनी रुग्णागणिक ठरवावयाचे आहे. देणगीदारांनी दिलेल्या यंत्रांवर त्यांच्या नावाची पाटी आपण आदराने लावतो. रबरी चाकावर ती लावता येत नाही, ही अडचण मी जाणतो. तरीही या खर्चासाठी हात पुढे करीत आहे.

आप्तेष्टांना विनंती एवढीच, की रात्री दहानंतर मोबाईलची घंटी बंद असावी व रुग्णाजवळ एकानेच थांबावे. आजोबांचा चष्मा मात्र घरी राहिला असेल, तर तो आजच आणून द्यावा.