स्फोटानंतर ‘काही लागलं नाही’ म्हणू नका

आम्ही तळोज्याच्या बचत गटातल्या. आमच्या घरची माणसं एमआयडीसीत कामाला जातात. २३ मे २०२४ ला डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा लांबच्या घरांच्याही काचा फुटल्या. तेव्हापासून मोठा आवाज झाला की आमचा जीव खालीवर होतो.

स्फोटात हवेच्या दाबाचा तडाखा डोक्यालाही बसतो. अंगावर ओरखडा नसला तरी मेंदूला मार लागलेला असू शकतो. पहिल्या महायुद्धात अशा कित्येक सैनिकांना भित्रे ठरवलं गेलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी स्फोटात सापडलेल्या सैनिकांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर तपासले, तेव्हा आत बारीक व्रण दिसले. नेहमीच्या स्कॅनमध्ये ते दिसत नाहीत.

म्हणून स्फोटानंतर घरचा माणूस विसरू लागला, चिडू लागला, त्याची झोप उडाली, कानात शिट्टी वाजू लागली, तर त्याला नावं ठेवू नका. डॉक्टरांकडे न्या. स्फोट कधी झाला, तो किती अंतरावर होता, ते सांगा. वारंवार उलटी, झटका, बोबडी वळणं किंवा गुंगी आली तर लगेच १०८ ला फोन करा. शेजारणीलाही हे सांगून ठेवा.