नाच कोणाच्या तालावर?



नाचावर बोलायला युनियनवाला कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावरच अधिक झाले. नृत्यशास्त्र आम्हांला येत नाही. परंतु यंत्राच्या तालावर माणसाचे अंग कसे हलते, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

इटलीत मारिनेत्ती नावाचा कवी होऊन गेला. मोटार आणि विमान ही त्याची दैवते. त्याचा सोबती रुसोलो याने १९१३ साली जाहीर केले की, यंत्रांचा गोंगाट हेच नव्या युगाचे संगीत; आणि घरघर, गुरगुर काढणाऱ्या पेट्या बनवून १९१४ साली मिलान शहरात त्यांची मैफलही केली. १९१७ साली मारिनेत्तीने नाचाचा जाहीरनामा काढला. नर्तकीने छातीवर सेल्युलॉइडचा पंखा लावून विमान व्हावे, असे त्यात होते. पुढे १९३१ साली मिलानमध्येच जानिना चेन्सी ही अठरा वर्षांची मुलगी एकटी नाचायला उभी राहिली. वाद्य नव्हते. मारिनेत्ती आडून आपल्या कविता म्हणत होता, आणि ती अंगाने विमानाचे उडणे दाखवीत होती.

त्या मुलीच्या हिमतीला आमचा नमस्कार. पण शब्द दुसऱ्याचे, चाल यंत्राची. मग तिचे स्वतःचे काय उरले? ज्या मारिनेत्तीने १९०९ साली युद्धाचा गौरव केला, तोच पुढे मुसोलिनीच्या मागे गेला. माणसाने यंत्र व्हावे असे ज्याला वाटते, त्याला माणूस मोडल्याचे दुःख कोठून होणार?

आता आपल्या मावळात या. पहाटे जात्यावर बसलेली बाई आठवा. दगडाची घरघर आहे, अंगाचे झुलणे आहे आणि कविताही आहे. पण ओवी तिची. सासर, माहेर, भाऊ, सारे तिचे. ती थांबली की दगड थांबतो. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हा हे धन केवढे होते ते शहाण्यांना कळले. जात्याचे कष्ट परत यावेत, असे आम्ही म्हणत नाही. पिठाची गिरणी आली हे बरेच झाले. ताल मात्र हातातून गेला.

एका कारखान्यात साहेब घड्याळ घेऊन कामगारांच्या हातांची हालचाल मोजत उभा होता. आठवड्याभरात पट्ट्याचा वेग वाढला. एक पोरगा आम्हांला म्हणाला, "दादा, घरी जेवतानासुद्धा हात त्याच वेगाने चालतो." त्याच्या त्या नाचाला तिकीट नव्हते आणि टाळ्याही नव्हत्या. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्यातही एका विणकराने किती माग सांभाळायचे, हा प्रश्न होताच. म्हणजे भांडण तालाचेच.

आजचे तरुण यंत्राच्या आवाजावर, कविता म्हणत, एकट्याने नाचतात. त्यांनी खुशाल नाचावे. एवढीच विनंती, की वेग वाढविणारा खटका कोणाच्या हाती आहे, तेही पाहणाऱ्यांना दिसू द्यावे. उद्या सकाळी घोरावाडी स्टेशनात लोकल येईल आणि माणसे पाळी गाठायला धावतील. त्यांचा ताल त्यांना थोडा तरी परत मिळावा, म्हणून आमची युनियन आहे.