कलर कोड म्हणजे कुंपण नव्हे



लातुरात बिनतारी संपर्काची परिषद भरते तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट टाळून पुढे जाता येत नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. चार वाजायला चार मिनिटं असताना भूकंपानं किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतरच्या मदतकार्यात हौशी रेडिओवाले सेट घेऊन निरोप पोहोचवत होते. तेव्हाचे सेट अ‍ॅनालॉग. दोघं एकदम बोलले की शिट्टी वाजायची, आवाज चिरकायचा, आणि कुणीतरी मध्ये आलंय हे कानाला लगेच कळायचं.

डिजिटल सेटनं ती खरखर घालवली. तिच्याबरोबर मिळणारी सूचनाही गेली, आणि मला आज काळजी वाटते ती याचीच.

आपल्यापैकी बरेच जण डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ, वापरतात. २००५ मध्ये आलेल्या या मानकात साडेबारा किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर ३०-३० मिलिसेकंदांचे दोन स्लॉट आळीपाळीनं चालतात, म्हणून रिपीटरवर, म्हणजे आलेली लहर पुढे पाठवणाऱ्या यंत्रावर, दोन संभाषणं एकदम होतात. जोडीला ० ते १५ असे सोळा कलर कोड. आपला कोड शेजाऱ्यापेक्षा वेगळा ठेवला की त्याचं बोलणं आपल्या सेटवर येत नाही, त्याच्या सेटनं आपला रिपीटर उठत नाही. एवढं काम कोड चोख करतो. पण कानात बोळे घातले म्हणून शेजारचा लाऊडस्पीकर बंद होत नाही. त्याची लहर हवेत असतेच. ती आपल्या लहरीच्या तोडीची झाली की बिट बिघडतात. चूकदुरुस्ती काही मर्यादेपर्यंत सांभाळून घेते, मग आवाज तुटतो आणि एकदम नाहीसा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, समोरचा बोललाच नाही.

यावर उपाय सेटमध्येच आहे. बोलण्याचं बटण दाबल्यावर सेटनं काय पाहायचं, हे प्रोग्रॅमिंग करताना ठरतं. ‘चॅनेल फ्री’ ठेवलं तर कुणाचीही लहर असेपर्यंत सेट थांबतो. ‘कलर कोड फ्री’ ठेवलं तर फक्त आपल्या माणसांसाठी थांबतो, परक्याच्या बोलण्यावर खुशाल चढतो. ‘ऑलवेज’ कुणासाठीच थांबत नाही. सामायिक चॅनेलवर ‘चॅनेल फ्री’च हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद फक्त संकटाच्या बटणाचा.

तेवढ्यानं भागत नाही, कारण सेट थांबतो तो त्याला ऐकू आलं तरच. लोहा-कंधारच्या एखाद्या खोलगट शिवारातल्या सेटला अहमदपूरकडचा सेट ऐकूच येत नाही. रिपीटरच्या उंचावरच्या अँटेनाला मात्र दोघंही ऐकू येतात. थंडीच्या पहाटे तर लहरी नेहमीच्या पल्ल्यापलीकडे जातात. म्हणून अँटेनाची उंची आणि वॅट गरजेपुरतेच ठेवावेत. एका वॅटवर काम होत असेल तर पाच वॅट कशाला?

रिपीटर नसताना ‘आपण स्लॉट एक, ते स्लॉट दोन’ अशी वाटणीही बहुधा फसवी ठरते. दोन्ही गटांना वेळ जुळवून देणारं सामायिक घड्याळ नसेल तर स्लॉट एकमेकांवर सरकतात. तशी खास सोय असलेले सेट असतील तरच त्या वाटणीवर विसंबावं.

नांदेडला हजूर साहिबचा दसरा असो, होला मोहल्ला असो, की गोदावरीला आलेला पूर. वेगवेगळ्या संस्थांचे सेट एकाच गर्दीत उतरतात. त्या वेळी कोड शोधत बसायला कुणाला सवड नसते. परवाना दिल्लीहून मिळतो, पण शेजाऱ्याशी बोलणं आपल्यालाच करावं लागतं. म्हणून माझी सूचना अशी: दुपारच्या सत्रात नांदेड आणि लातूरची मंडळी एका टेबलावर बसू द्या. प्रत्येकानं आपली फ्रिक्वेन्सी, कलर कोड, स्लॉट, अँटेनाची उंची, वॅट आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर एका तक्त्यात लिहावा. जिथे फ्रिक्वेन्सी आणि कोड दोन्ही जुळतील, तिथला कोड संध्याकाळच्या आत बदलू. प्रोग्रॅमिंगची केबल मी बरोबर आणली आहे.