अंगणातील फळझुडपे



आज आम्ही एका साध्या विषयावर चार शब्द बोलणार आहोत. आपल्या श्रीपूरच्या भोवती नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर हिरवागार ऊस उभा असतो. पण तो ऊस कारखान्याला जातो. ज्यांच्या नावावर सात-बारा नाही, त्यांच्या घरातील मुलांच्या वाट्याला ताजे फळ किती येते, हा प्रश्न आहे. 1990-91 साली शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू केली. त्यातून आपल्या जिल्ह्यात बोर-डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. परंतु ती योजना शेतजमीन असणाऱ्यांसाठी होती. ज्याला जमीन नाही, त्याला निदान दाराशी चार हात जागा असते. त्या जागेबद्दलच आम्हाला बोलावयाचे आहे.

आमच्या लहानपणी आम्ही दुसऱ्याच्या बांधावरची बोरे वेचीत असू. कोणी पाहिले की शिव्या बसत, कधी ढेकूळही अंगावर येई. चार बोरांसाठी आम्ही पळत सुटायचो. ते पळणे आम्ही विसरलेलो नाही. आपल्या नातवंडांनी फळासाठी असे पळू नये, एवढ्यासाठी तरी दाराशी एखादे झुडूप असावे.

बेरी म्हटले की महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डोळ्यांसमोर येते. तिला थंड हवा लागते. आपल्या कोरड्या, कडक उन्हाच्या मुलखात तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आपल्याला शोभतील अशी तीन झुडपे आहेत : करवंद, फालसा आणि तुती.

करवंदाला घाटावर डोंगराची काळी मैना म्हणतात. हे झुडूप सदाहरित व काटक आहे, हलक्या मुरमाड जमिनीतही येते. बागेत लावण्याच्या जातींची फळे रानातल्यापेक्षा मोठी असतात आणि ती पावसाळ्यात पिकतात. कच्च्या फळांचे लोणचे व चटणी, पिकल्यावर मुरंबा होतो. तीन-चार फुटांवर रोपे लावली की दोन-तीन वर्षांत शेळी शिरणार नाही असे कुंपण तयार होते. काटे मोठे असतात, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ते दूर लावावे. बी काढल्यावर लगेच पेरावे. वाळवून ठेवलेले बी उगवत नाही.

फालसा हिवाळ्यात पाने गाळतो. डिसेंबर-जानेवारीत तो गुडघा-कंबरेच्या दरम्यान छाटावा. फळ नव्या फुटीवरच येते. न छाटल्यास झाड नुसते उंच वाढते. एप्रिल-मे महिन्यांत जांभळट आंबटगोड फळे येतात व त्यांचे सरबत उन्हाळ्यात फार चांगले लागते. हे फळ तोडल्यावर एक-दोन दिवसच टिकते. त्यामुळे ते बाजारात फारसे दिसत नाही. ज्याच्या दारी झाड, त्यालाच ते मिळते.

तुती सर्वांत सोपी. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळे असलेली कांडी पावसाळ्याच्या सुरुवातीस लावावी. दोन डोळे जमिनीत व बाकीचे वर ठेवावेत. छाटत राहिल्यास ती झुडपासारखी राहते. पाला शेळ्यांनाही चालतो.

आता आमची चूक सांगतो. पहिले करवंद आम्ही मोरीच्या पाण्याच्या तोंडाशी लावले. वाटले, आयते पाणी मिळेल. काळी जमीन, निचरा नाही. पावसाळ्यात पाने पिवळी पडली आणि रोप मुळाशी कुजून गेले. दोष झाडाचा नव्हता, आमचा होता. दुसऱ्या वेळी हातभर खोल खड्डा घेतला. त्यात मुरूम, माती व चांगले कुजलेले शेणखत भरले आणि भोवतालपेक्षा वीतभर उंच वरंबा केला. ते रोप जगले. भांडी विसळल्याचे व भाजी-तांदूळ धुतल्याचे पाणी झाडांना खुशाल द्यावे. साबण-सोड्याचे पाणी मात्र रोजच्या रोज एकाच मुळाशी ओतू नये. आधीच आपल्याकडे कालव्याच्या पाण्याने काही जमिनी चोपण झाल्या आहेत. रोप लहान असेपर्यंत उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी एक बादली पाणी व बुडाशी पाचटाचे आच्छादन पुरते. पाचटाची तर आपल्याकडे वाण नाही.

भगिनींना एक सांगावेसे वाटते. करवंदात क जीवनसत्त्व आणि लोह असते. अंगातले रक्त कमी असल्यास डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्यातच; फळ हे औषध नव्हे. परंतु रोजच्या भाकरीबरोबर पानात थोडी करवंदाची चटणी असली तर जेवण सकस होते.

विद्यार्थी मित्रांनो, ओळख असल्याशिवाय कोणतेही फळ तोंडात घालू नका. करवंदाला चीक असतो, कण्हेरीलाही असतो. पण कण्हेर विषारी आहे. गुंजेचे लाल-काळे बी सुंदर दिसते, तेही विषारी असते. घाणेरीची हिरवी फळेही खाऊ नयेत. लहान भावंडांना हे तुम्हीच शिकवा.

आमची सूचना एवढीच आहे. ज्यांच्याकडे तुती आहे त्यांनी मृगाच्या सुमारास छाटलेल्या कांड्या फेकू नयेत. त्या मंडळात आणाव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याने एक कांडी न्यावी, जगवावी आणि पुढे आपल्या झाडाच्या कांड्या दुसऱ्याला द्याव्यात. यात कोणाचे पैसे लागत नाहीत की कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. शेंड्याकडची थोडी फळे बुलबुलांसाठी राहू द्यावीत. खालची मुलांनी खावीत. कोणाला न विचारता, कोणाला न भिता, आपल्याच दारात उभे राहून.